राजीनाम्याचे कारण

दिवाळीच्या आधी फडताळ आवरायचे ही आमच्या सासूबाईंची शिस्त. त्या गेल्या, पण शिस्त राहिली. यंदा आवरताना खालच्या खणात एका कापडी पिशवीत दोन वस्तू निघाल्या. एक, शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला. मागची टाचणी गंजलेली. दुसरी, आमच्या बचत गटाची ठरावाची वही. दोन्ही एकाच पिशवीत कोणी ठेवल्या, आठवत नाही. बहुधा मीच. घरात जे टाकवत नाही आणि लागतही नाही, ते मी त्या खणात घालते.

वही उघडून बसले आणि आवराआवर तशीच राहिली. बाराजणींची नावे, बारा सह्या, पहिल्या पानावर हळदकुंकवाचा डाग. मागच्या पानांवर राजीनामे. सगळे माझ्याच अक्षरातले, आणि कारण बहुतेकांचे एकच : घरगुती अडचणीमुळे.

त्या एका ओळीसाठी मी आज हे लिहायला बसले आहे. पण आधी बिल्ल्याचे सांगते, कारण तो वडील.

आमचे गाव निफाड तालुक्यात, कादवेच्या जवळ. १९८० साली मी या घरात आलेली नव्हते. पण त्या साली काय झाले ते तात्यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, इतक्या वेळा सांगितले की मी तेथे होते असेच मला वाटते. कांदा आणि ऊस, दोन्हींच्या भावाने शेतकरी गांजलेला होता. स्वित्झर्लंडमधली चांगली नोकरी सोडून आलेले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसलेले शरद जोशी आपल्या जिल्ह्यात सभा घेत होते. बरोबर पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे आणि निफाडचे प्रल्हाद कराड पाटील. उसाला टनामागे ३०० रुपये द्या, कांद्याला क्विंटलमागे ५० ते ७० रुपये द्या, अशी मागणी. १० नोव्हेंबर १९८० ला मुंबई-आग्रा रस्त्यावर माणसे बसली, रेल्वे अडवली गेली. खेरवाडीला गोळीबार झाला, त्यात शेतकरी मारले गेले. हजारो लोकांनी अटक करून घेतली.

तात्या त्यांत होते. मी एकदा विचारले, “तात्या, तुम्हाला ते शेतीचे अर्थशास्त्र सभेत सगळे कळले होते का?”

तात्या हसले. “कसलं काय! निरोप आला, घरटी एक माणूस. शेजारच्यांचा गडी निघाला, समोरच्यांचा निघाला. मी घरी राहिलो असतो तर उद्या पारावर कोणत्या तोंडानं बसलो असतो? म्हणून गेलो.”

पण गेले ते तसे, आणि राहिले ते दुसऱ्याच कारणाने. अटकेतल्या पहिल्या रात्री शेजारी एक अनोळखी म्हातारा होता. त्याने धोतराच्या सोग्यातून भाकरी काढली, मोडली, अर्धी तात्यांना दिली आणि विचारले, “तुझा कांदा काय भावानं गेला रं?” तात्यांनी सांगितले. म्हातारा म्हणाला, “माझा बी.” तात्या म्हणत, “त्या दोन शब्दांनी मी संघटनेचा झालो. तोवर मला वाटायचं माझंच नशीब फुटकं, मलाच शेती कळत नाही.”

सुटून आले आणि बिल्ला लावला. लग्नकार्यातसुद्धा तो कोपरीवर असे.

माझे लग्न १९८३ चे. चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले ते ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला. गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघाल्या. खोटे कशाला बोलू, मी गेले ती चळवळीसाठी नव्हे. लग्नाला तीन वर्षे झाली होती. माहेर, सासर आणि मळा यांपलीकडे मी कोठे गेले नव्हते. दोन दिवस चूल नाही, शेण नाही, मोटारीचा खटका दाबायला रात्री उठणे नाही! सासूबाई निघाल्या म्हणून मला निघता आले; त्या राहिल्या असत्या तर मलाही राहावे लागले असते. बाजरीच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला, धाकट्याला काखेला मारले आणि चढलो.

तिथे बाया किती होत्या ते मी मोजले नाही. लाखावर होत्या असे सांगतात. मला आठवते ते एवढेच, की जिकडे पाहावे तिकडे डोकीवर पदर. बायांनी पंचायतीच्या निवडणुका लढवाव्यात असे तिथे ठरले. बाई शेतात राबते त्याचा हिशेब कोठे लागतो, हा प्रश्न मी पहिल्यांदा तिथे ऐकला. माझ्या शेजारी बसलेली बाई विदर्भातली होती. तिची बोली मला अर्धीच कळत होती. पण ती कापसाचे सांगत होती आणि मी कांद्याचे, आणि दोघींच्या बोटांना तशाच चिरा होत्या. परत येताना रेणुकामातेचे दर्शन घेतले. ट्रॉलीत सासूबाई आणि मी एका पोत्यावर टेकून झोपलो. त्याआधी आम्ही दोघी शेजारी कधी झोपलो नव्हतो.

पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. नवऱ्याने आपल्या जमिनीतला काही भाग राजीखुशीने बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर कुटुंबांनी असे केले ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. पुष्कळ गावांनी केले. आमच्या गावात आकडा काही शंभरावर गेला नाही. तात्यांनी मात्र एक एकर सासूबाईंच्या नावे लावले. आमच्या ह्यांचे आज करू, उद्या करू चालले. सासूबाई ह्यांना म्हणाल्या होत्या, “बिल्ला छातीला लावायला सोपा रे बाबा. सातबाऱ्याला नाव लावायचं म्हणलं की तलाठी सापडत नाही तुला.” तो तलाठी अजून सापडायचाच आहे, एवढे सांगून पुढे जाते.

हे संघटनेतून केव्हा सुटले ते नेमके सांगता येणार नाही. १९९४ मध्ये जोशीसाहेबांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्यानंतर पुष्कळजण सांगत, राजकारण आले म्हणून आम्ही बाजूला झालो. हेही चारचौघांत तसेच सांगत. पण मी घरातली. मला खरे ठाऊक होते. १९९२ ला आम्ही एक एकर द्राक्षबाग लावली. बाग म्हणजे तान्हे मूल. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, विरळणी, डिपिंग, पावसाचे ढग दिसले की मध्यरात्री फवारणी. ज्या नोव्हेंबरात पूर्वी रस्त्यावर बसायचे, त्या नोव्हेंबरात आता बाग पोंग्यात असते. एक सभा चुकली, मग दुसरी. निरोप्या दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. भांडण नाही, तंटा नाही. गरज बदलली आणि पाय वळेनासे झाले. तसे लोकांना सांगायला मात्र माणसाला लाज वाटते. “मला वेळ नाही” म्हणण्यापेक्षा “संघटना बदलली” म्हणणे सोपे जाते.

शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ ला वारले. बातमी ऐकून हे उठले, फडताळ उघडले, बिल्ला काढून बराच वेळ हातात धरला आणि परत ठेवला. त्या दिवशी जेवले नाहीत. सुटलेला माणूस असा असतो. त्याला सुटलेला म्हणावे की नाही, मला कळत नाही.

सगळ्याच संस्था अशा सोडता येतात असेही नाही. विकास सोसायटी घ्या. पीककर्ज पाहिजे म्हणून सभासद व्हायचे. कर्जाबरोबर शेअरची रक्कम कापून जाते. आणि शिव्या देत देत माणूस मरेपर्यंत सभासद राहतो. किंवा ओझरकडच्या पाणीवाटप संस्था. वाघाड धरणाच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तिकडच्या शेतकऱ्यांना गोळा केले आणि १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, ते आपल्यात आपणच वाटायचे, पट्टीही आपणच गोळा करायची. पीक कोणते घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. माझी बहीण तिकडे दिलेली आहे. तिच्या दारी पाळीवरून किती भांडणे व्हायची! मी एकदा म्हटले, “एवढी कटकट, तर सोडून का देत नाहीत?” मेहुणे म्हणाले, “आक्का, कालव्याखालची जमीन उचलून कुठं नेऊ?” सोडता येत नाही म्हणून त्यांना भांडून पुन्हा बसावे लागले, आणि पुन्हा पुन्हा बसले म्हणून पाणी टोकापर्यंत गेले. आमच्या बचत गटाला असा कालवा नव्हता. वाटेल तेव्हा उठून जाता येत होते.

दिंडीची तऱ्हा आणखी निराळी. तात्या त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरीला जायचे. गुडघे गेल्यावर बंद झाले. पण दिंडीवाल्यांनी त्यांचे नाव खोडले नाही की कोणी राजीनामा मागितला नाही. वर्षाकाठी कोणीतरी घरी येऊन बुक्का लावून जाई. तेवढ्यावर तात्या शेवटपर्यंत त्या दिंडीचे राहिले.

आता वहीकडे येते. टाळून टाळून किती टाळणार?

गट आम्ही २००३ साली काढला. बाराजणी, महिना पन्नास रुपये, अंतर्गत कर्जाला शेकडा दोन रुपये व्याज. मी सातवी शिकलेली, म्हणून सचिव झाले. पहिली दोन वर्षे काय उत्साह! बैठकीला कोणी उशिरा आली तर पाच रुपये दंड, आणि त्या दंडाचा चहा. खरे तर पन्नास रुपये शिल्लक पडतात म्हणून कोणी येत नव्हते. दर महिन्याला दोन तास घराबाहेर बसायला कोणी बोलू शकत नव्हते, ते बँकेचे काम होते, म्हणून यायच्या.

त्यांत मळ्यातली एक वहिनी होती. नाव लिहीत नाही. जमीन दीड एकर, नवरा साधाभोळा. ती निरक्षर होती. सही मी शिकवली. रोज संध्याकाळी दूध घालायला आली की पाटीवर गिरवायची. पंधरा दिवसांनी तिने वहीत पहिली सही केली, तेव्हा बाराजणींनी टाळ्या वाजवल्या होत्या. ती सही अजून त्या पानावर आहे. आडवी रेघ नावाच्या पुढे बोटभर गेलेली.

२०१३ मध्ये गटाला बँकेचे कर्ज मिळाले, आम्ही ते वाटून घेतले. वहिनीने पंधरा हजार घेतले, उन्हाळ कांद्याच्या भांडवलासाठी. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट तुम्हा सर्वांच्या ध्यानात असेलच. आमची बाग गेली, तिचा कांदा गेला. पात चाळणीसारखी झालेली आणि वाफ्यात गारांचा थर. आमच्याकडे मागचे थोडे होते, आम्ही सावरलो. तिच्याकडे नव्हते. चार हप्ते थकले. बँकेच्या कर्जाचे असे, की एक थकली की साऱ्या गटाचे पुढचे अडते. बैठकीत कुजबुज सुरू झाली. तिच्या तोंडावर कोणी काही बोलत नव्हते. ती उठून गेली की बोलत.

जूनच्या बैठकीला ती आलीच नाही. ठराव झाला, थकीत सभासदाच्या घरी समक्ष जाऊन वसुलीसाठी बसावे. तो ठराव मी लिहिला. “असे नको” हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण गट मोडेल, माझे सचिवपण जाईल, बाया म्हणतील ही त्या वहिनीची मैत्रीण म्हणून पाठीशी घालते. असे काय काय मनात आले, आणि मी ते गिळले.

आम्ही अकराजणी गेलो. तिच्या ओट्याच्या पायऱ्यांवर बसलो. घराबाहेर दोन मोटारसायकली उभ्या होत्या. त्या कोणाच्या, असे कोणाच्या मनात आले नाही. आत तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते.

वहिनी बाहेर आली. पदर ओठांत धरलेला. हळू आवाजात म्हणाली, “बायांनो, आज जा. पाया पडते. उद्या मी स्वतः येते.” कोणीतरी म्हणाले, “उद्या उद्या किती दिवस?” आणि मग सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या, कारण वही माझ्या हातात होती. मी वही उघडली आणि आकडा वाचला. चार हप्ते, पाच हजार सहाशे रुपये. मोठ्याने वाचला. आतले बोलणे थांबल्याचे मला ऐकू आले.

ते स्थळ जमले नाही. आमच्यामुळे की आणखी कशामुळे, कोण सांगणार? आठ दिवसांनी तिने सगळे पैसे आणून दिले. गळ्यात काळी पोत होती, डोरले नव्हते. म्हणाली, “राजीनामा लिही.” मी लिहिला. कारण काय लिहू, असे विचारायचे धाडस झाले नाही. आधीच्या एकीचा राजीनामा समोर होता, त्यातले शब्द उतरवले. घरगुती अडचणीमुळे. तिने सही केली. मी शिकवलेली सही, आता सफाईदार झालेली.

तिच्यानंतर वर्षभरात आणखी तिघी गेल्या. घरगुती अडचण, घरगुती अडचण, घरगुती अडचण. कोणाच्या घरात कसली अडचण नव्हती. त्या पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येकीला कळले होते, की उद्या आपल्या दाराशीही अशाच अकराजणी बसतील. २०१६ मध्ये मीही राजीनामा दिला. प्रकृतीच्या कारणास्तव. तेव्हा माझी प्रकृती ठणठणीत होती! पुढे गटच बंद झाला, शिल्लक वाटून घेतली आणि वही माझ्याकडे राहिली.

वही चाळताना मला येवल्याची आठवण झाली. येवले आमच्या शेजारचा तालुका. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षे चालला. दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर सांगितले, की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतरही एकवीस वर्षे विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आमच्या बारा बायांच्या गटाची त्या गोष्टीशी बरोबरी मी करीत नाही. ती जागाच वेगळी. पण शाळेत गुरुजींनी हे शिकवले तेव्हा मला त्यात सोडून जाणे तेवढे दिसले होते. आता दिसते ते दाराशी काढलेली ती पाच वर्षे, आणि का चाललो ते साऱ्यांना ऐकू जाईल असे सांगून जाणे. आम्ही साऱ्याजणी मुकाट गेलो. आणि दाराच्या आतल्या बाजूला बसलेल्यांपैकी मी एक होते.

त्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन मळ्यात गेले. इतकी वर्षे रस्त्यात दिसलो की “बरं हाय ना” एवढेच होत होते. तिच्या मुलीचे पुढे चांगल्या घरी झाले, नातू शाळेत जातो. वहिनी कांद्याच्या रोपाला पाणी देत होती. मला पाहून बारे मोडले आणि ओट्यावर आली. मी पायरीवर बसू लागले तर म्हणाली, “तिथं नको. आत ये.”

मी वही उघडली. म्हटले, “वहिनी, यात मी खोटं लिहिलंय. खरं काय ते सांग, मी खाली लिहिते.”

ती बराच वेळ सहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पैशाचं काय नव्हतं गं. पैसे मी घेतलेच होते, द्यायचेच होते. बाया आल्या त्याचंबी काय नाही, त्यांचं कर्ज अडलं होतं. पण तू आकडा वाचलास. तू तरी आत येऊन माझ्या कानात सांगायचं होतंस.”

मी पेन उघडले होते. पण काय लिहू? वहीत कारणाला ओळ एकच सोडलेली असते.

“लिहू नको काय,” वहिनी म्हणाली. “मला वाचता येतं आता. उगाच वाचत बसंन.” आणि चहा ठेवायला उठली. चहा पिताना सांगू लागली, त्यांच्या मळ्यातल्या बायांनी एकादशीला हरिपाठ सुरू केलाय. वर्गणी नाही, वही नाही, अध्यक्ष नाही. जिला जमेल तिने यावे. “येतीस का? टाळ मात्र आपापले आणायचे. आमच्याकडं सात जोड हायेत न् बाया नऊ.”

मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. एकादशी मंगळवारी आहे. तात्यांचे टाळ माजघरात खुंटीला आहेत. काल काढून पुसले. दोरी पार कुजली आहे, ती बदलून घ्यावी लागेल.